मालकांचा क्लब: वर्गणी भरावी की एकट्यानेच गाडी हाणावी?

सडाफटिंग | रविवार, रात्री १०:५०

मंडळी, एक सल्ला हवा आहे.

सात महिन्यांपूर्वी जुनी मोटरसायकल घेतली. सिंगल सिलिंडर, कार्ब्युरेटरवाली, किक मारून सुरू होणारी. कंपनीने हे मॉडेल बंद करून बरीच वर्षं झाली. मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर "ही का घेतलीत, ती घ्यायची" यातच धागा संपेल.

आजवर एकटाच फिरलो. परवा पेट्रोल भरत होतो तर शेजारी हुबेहूब तशीच गाडी येऊन थांबली. मालक साठीचे. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. आधी वाकून माझ्या गाडीची चेन बोटाने वर उचलली, "सैल आहे" म्हणाले आणि मग नमस्कार केला. त्यांचा या मॉडेलच्या मालकांचा क्लब आहे. वर्षाची वर्गणी, महिन्याला एक राईड, पाठीवर भलंमोठं चिन्ह असलेलं जॅकेट. "पुढच्या महिन्यात पाहुणे म्हणून या, मग ठरवा," म्हणाले.

माझी अडचण अशी की मी गाडी घेतली तीच माणसांपासून दूर जायला. आता त्याच गाडीवरून माणसांत जायचं? कुठे थांबायचं, कधी निघायचं हे दुसऱ्याने ठरवायचं? जॅकेटची तर मला लाजच वाटते. पण दुसरी बाजू अशी की गाडी चाळीस-पन्नास मिनिटं चालली की आचके देत बंद पडते. पंधरा मिनिटं उभी केली की पुन्हा चालू. एका मेकॅनिकने प्लग बदलला, दुसऱ्याने कार्ब्युरेटर साफ केला, आणि दोघांनीही "आता बघा कशी पळते" म्हणून पाठवलं. पळते, चाळीस मिनिटं.

तर ज्यांनी क्लब केलाय किंवा करून सोडलाय त्यांनी खरं काय ते सांगा.

फुकटफौजदार | रविवार, रात्री ११:०५

क्लब म्हणजे एकाचं पंक्चर काढताना एकोणीस जणांनी कंबरेवर हात ठेवून सूचना देणं. त्याची वर्गणी असते.

खडखडाट | रविवार, रात्री ११:४०

फौजदार, हसू नका, मी त्या एकोणिसांत होतो. आठ महिने टिकलो.

माझा अनुभव सांगतो. क्लबचं नाव विचारू नका. पहिल्या दोन राईड छान झाल्या. तिसऱ्या वेळी बावीस गाड्या होत्या. पुढे जो होता त्याची गाडी माझ्या दुप्पट ताकदीची, आणि मागे कोण आहे याच्याशी त्याचं देणंघेणं नाही. मी नवखा म्हणून "तू मागे राहा, सावकाश ये" असं सांगितलेलं. ऐकायला काळजीचं वाटतं. प्रत्यक्षात सावकाश जाणाऱ्याला मागे टाकलं की त्याला सतत दामटावं लागतं. एका वळणावर बारीक खडी होती, पुढचं चाक सरकलं आणि मी आडवा. फार लागलं नाही, फुटरेस्ट वाकला, कोपर सोललं. मी पडलो हे कुणाला कळलंच नाही. पुढच्या थांब्यावर गाड्या मोजल्यावर एक कमी भरली, तेव्हा फोन आला. तोवर मी एका ट्रकवाल्याच्या मदतीने गाडी उभी करून बसलो होतो.

त्यावर बैठक झाली. तिचा विषय काय होता? जॅकेटचा नवा रंग.

सडाफटिंग, तुम्ही नावाला जागा. एकटे फिरा.

शेपटाकडचा | सोमवार, सकाळी ६:२०

खडखडाट, तुमचं वाचून वाईट वाटलं आणि रागही आला, कारण हे टाळता येतं. मी अकरा वर्षं आमच्या ताफ्यात सगळ्यात शेवटी चालवतो. नाव त्यावरूनच घेतलंय. "मागच्याला दामटावं लागतं" हे तुम्ही अगदी बरोबर पकडलंत. त्याचा हिशेब मांडतो, कारण क्लबात जायचं की नाही हे माझ्या मते तिथेच ठरतं.

ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर. गाड्या नागमोडी रांगेत चालतात, म्हणजे एक लेनच्या डाव्या अंगाला, पुढची उजव्या अंगाला. तिरक्या समोरच्या गाडीपासून निदान एक सेकंद आणि सरळ समोरच्या गाडीपासून दोन सेकंद अंतर ठेवायचं असतं. वीस गाड्या असल्या तर मधली अंतरं एकोणीस. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत ३८० मीटर. म्हणजे पुढचा वळणापलीकडे आणि मागचा अजून चढाखाली. तो मागच्याला बघणार कसा?

आता पुढच्याने वळण संपताच वेग वाढवला. त्याच्या मागचा उशिरा वाढवतो आणि अर्धा सेकंद जादा मागे पडतो, त्याच्या मागचा आणखी अर्धा. एकोणीस वेळा अर्धा सेकंद म्हणजे साडेनऊ सेकंद, म्हणजे १९० मीटरची जादा फट. ती भरून काढायला शेवटच्याने ताशी ९० ने जावं म्हटलं तरी ३८ सेकंद लागतात आणि तेवढ्यात जवळजवळ एक किलोमीटर रस्ता संपतो. त्या किलोमीटरमध्ये पुढचं वळण येतंच. पुढचा म्हणतो, "मी तर सत्तरच्या वर गेलोच नाही." खरंच गेलेला नसतो. नव्वदने जातो तो बिचारा नवखा.

म्हणून अमेरिकेतली मोटरसायकल सेफ्टी फाउंडेशन सांगते की गट ५ ते ७ गाड्यांचे ठेवा. सात गाड्या १२० मीटरमध्ये मावतात आणि सगळे आरशात दिसतात. म्हणूनच नवख्याला शेवटी टाकायचं नाही, त्याची जागा लीडरच्या लगेच मागे. शेवटी जो असतो तो अनुभवी, रस्ता पाठ असलेला. पंक्चरचं सामान, प्रथमोपचाराची पेटी आणि सगळ्यांच्या घरचे नंबर त्याच्याकडे. वळणं आली की नागमोडी रांग मोडून एकामागे एक. सिग्नलला ताफा तुटला तर तुटू द्यायचा, लाल दिवा तोडून कुणी यायचं नाही.

तुटलेल्यांनी वाट चुकू नये म्हणून आम्ही थांबत्या माणसाची पद्धत वापरतो. जिथे रस्ता बदलायचा तिथे लीडरच्या मागचा गाडीवाला बाजूला सुरक्षित जागी थांबतो आणि येणाऱ्यांना हाताने दिशा दाखवतो. मी, म्हणजे शेपूट, दिसलो की तो माझ्यापुढे रांगेत शिरतो. पुढच्या फाट्यावर लीडरच्या मागे जो असेल तो थांबतो. यात पुढच्याला गाठायची कुणालाच घाई उरत नाही. ज्याला फोटो काढायचा त्याने काढावा, वळणावर माणूस उभा असणारच.

सडाफटिंग, तुम्ही पाहुणे म्हणून जाणार असाल तर पुढे कोण आहे ते बघूच नका. शेवटी कोण आहे ते बघा. निघण्याआधी विचारा, "मी बंद पडलो तर काय होतं?" उत्तर देताना सगळे एका माणसाकडे वळून बघत असतील तर क्लब बरा. सगळे एकमेकांकडे बघत असतील तर घरी या.

खडखडाट | सोमवार, सकाळी ८:१५

३८ सेकंदांचा हिशेब आठ महिन्यांत मला कुणी सांगितला नाही. मी समजत होतो मलाच चालवता येत नाही.

दहाबाराचा_पाना | सोमवार, दुपारी १:३०

क्लबचं नंतर बघू, आधी गाडी. आचके देत बंद पडते आणि पंधरा मिनिटांनी चालू होते यात दोन संशयित आहेत आणि दोघांचा प्लगशी संबंध नाही.

पहिला, टाकीचं झाकण. त्यात हवा आत यायला बारीक भोक असतं. ते गंज किंवा पॉलिशच्या मेणाने बुजलं की पेट्रोल खाली जाईल तशी टाकीत पोकळी होते आणि पेट्रोल उतरायचं थांबतं. गाडी उभी केली की हवा हळूहळू कुठून तरी शिरते आणि चालू होते. मेकॅनिककडे ती कधीच बंद पडत नाही, कारण तो पाच मिनिटं चालवून बघतो. पुढच्या वेळी बंद पडली की लगेच झाकण उघडा. सूं आवाज आला आणि लगेच किकला उठली तर चोर सापडला.

दुसरा, ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेतली पिकअप कॉइल किंवा एचटी कॉइल. तापल्यावर आतली तार तुटते आणि गार झाली की पुन्हा जुळते. झाकण उघडून फरक पडला नाही तर गाडी गरम असतानाच प्लग काढून, टोपीत बसवून, इंजिनच्या लोखंडाला टेकवून किक मारा. ठिणगी दिसली नाही तर कॉइल. हे करताना पेट्रोलचं झाकण मात्र आधी बंद करा आणि प्लगच्या भोकापासून लांब राहा.

तिसरा कुणी "टाकीत हे औषध घाला" म्हणून सांगेल. त्याला नमस्कार करा.

फुकटफौजदार | सोमवार, दुपारी १:४२

बघा, वर्गणी न भरता काम झालं.

दहाबाराचा_पाना | सोमवार, दुपारी २:००

झालेलं नाही. दोन शक्यता कळल्या, एवढंच. मला हे कळलं ते क्लबातल्या एका माणसामुळे. माझं असंच व्हायचं तेव्हा त्याने स्वतःच्या गाडीची कॉइल रस्त्यात काढून माझ्या गाडीला लावली. माझी उठली. म्हणजे कॉइलच. अर्ध्या तासात छडा लागला, कारण शेजारी तसलीच चालू गाडी उभी होती. घरी एकट्याने तुम्ही एक एक भाग विकत आणून बदलत बसता, आणि तिसरा भाग बदलल्यावर कळतं की पहिले दोन चांगलेच होते.

एकाच मॉडेलच्या दहा गाड्या शेजारी शेजारी उभ्या असणं हेच मोठं हत्यार आहे. आवाज ऐकून टॅपेटचा, म्हणजे झडपांच्या खेळाचा, फरक कळतो, क्लच दाबून कुणाची वायर जड आहे ते कळतं. पुस्तकात "थोडासा खेळ असावा" लिहिलेलं असतं. थोडासा म्हणजे किती ते दुसऱ्याचं लिव्हर हातात धरल्यावरच समजतं.

जुनं_ते_लोखंड | सोमवार, रात्री ९:१०

पान्याशी शंभर टक्के सहमत. बंद पडलेल्या मॉडेलसाठी क्लबला दुसरा पर्याय नाही, आणि याचं माझं आवडतं उदाहरण इंग्लंडातल्या व्हिन्सेंट गाड्यांचं आहे. हजार सीसीच्या व्ही-ट्विन, म्हणजे व्ही आकारात दोन सिलिंडर, त्यांच्या काळातल्या जगातल्या वेगवान गाड्यांपैकी. कंपनीने १९५५ मध्ये मोटरसायकली बनवणं थांबवलं. मालकांचा क्लब मात्र १९४८ पासून होता. पुढे सुटे भाग मिळेनात, तेव्हा सभासदांनी स्वतःच भागधारक होऊन सुट्या भागांची कंपनी काढली. ती नवे भाग बनवून घेते. त्या भागांची यादी इतकी वाढली की त्यांनी त्यातून ब्लॅक शॅडो हे व्हिन्सेंटचं गाजलेलं मॉडेल आख्खं नवं उभं करून दाखवलं. कंपनी गेली, गाडी राहिली, आणि मधे होते ते फक्त मालक.

तिथलाच व्हिंटेज मोटर सायकल क्लब १९४६ चा. युद्ध नुकतंच संपलेलं, जुन्या गाड्या भंगारात चाललेल्या, तेव्हा काही लोकांनी त्या वाचवायला क्लब काढला. आज त्यांच्याकडे जुन्या पुस्तिकांचं आणि कारखान्यांच्या नोंदींचं मोठं ग्रंथालय आहे. इंजिन नंबरवरून गाडी कोणत्या साली बनली हे ते कागदोपत्री सांगू शकतात. जुनी गाडी घेताना विकणारा सांगेल ते वर्ष आपण मानतो. इंजिन एका सालचं, चासी दुसऱ्या, टाकी तिसऱ्याच मॉडेलची, अशा खिचडी गाड्या मी किती पाहिल्यात! माझीच एक निघाली.

सडाफटिंग, ते साठीचे गृहस्थ चेनला हात लावून मग नमस्कार करतात ना? मी असतो तर त्याच दिवशी वर्गणी भरली असती.

भुंगा | मंगळवार, सकाळी ७:४५

लोखंडकाका, हे फारच गोड झालं. थोडं तिखट घालतो. (खाण्याबद्दल नाही, मंडळी.)

क्लब दोन जातींचे असतात हे कुणी बोललं नाही. एक मालकांनी काढलेला आणि एक विकणाऱ्याने काढलेला. हार्ले-डेव्हिडसनच्या अधिकाऱ्यांनी १९८१ मध्ये कंपनी एएमएफ या तेव्हाच्या मालक कंपनीकडून परत विकत घेतली आणि १९८३ मध्ये कंपनीनेच हार्ले ओनर्स ग्रुप सुरू केला. स्थानिक शाखा शोरूमशी जोडलेल्या. व्यवहार म्हणून अफलातून डोकं! गिऱ्हाईकाने गाडी घेतली की त्याला पुढच्या रविवारी जायला जागा आणि सोबत मिळाली, आणि सोबत आली की नवं जॅकेट, नवा सायलेन्सर, दोन वर्षांनी नवी गाडी. बाकीच्या कंपन्यांनी त्यातून धडा घेतला.

हे वाईट आहे असं मी म्हणत नाही. राईड नीट आखलेल्या असतात, प्रशिक्षण असतं, मागे मदतीची गाडी असते. पण अशा क्लबात उभं राहून "या मॉडेलचा रेक्टिफायर (बॅटरी चार्ज करणारा भाग) दर वर्षी जळतो" म्हणून बघा. हवा गार होते. मी म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी मला गटातून काढलं नाही, फक्त माझ्या कुठल्याच प्रश्नाला उत्तर येईना. मालकांनी चालवलेल्या क्लबात याच्या उलट. तिथे लोक आपापल्या गाडीला शिव्या देण्यासाठीच जमतात.

आणि पाना, क्लबातलं सगळंच ज्ञान ज्ञान नसतं. अमुक ऑईलच घाला, तमुक प्लगने पिकअप वाढतो, ब्रेक ऑईल कधी बदलायची गरजच नाही! हे शेवटचं तर एका जुन्या सभासदाने वीस जणांसमोर छातीठोक सांगितलं होतं आणि वीस जणांनी माना डोलावल्या. ब्रेक ऑईल, म्हणजे डॉट ३, ४ किंवा ५.१ वालं, हवेतलं पाणी शोषतं. पाणी मुरलं की उतारावर सतत ब्रेक मारल्यावर ते उकळतं आणि लिव्हर थेट हँडलला टेकतं. बहुतेक कंपन्या दोन वर्षांनी बदला म्हणतात. वीस माणसं एकमुखाने बोलली की चूकही शास्त्र वाटायला लागतं.

दहाबाराचा_पाना | मंगळवार, सकाळी ८:३०

मान्य. ऑईलवर वाद सुरू झाला की मी हात धुवायला जातो.

मागची_सीट_नको | मंगळवार, दुपारी ३:२०

इतका वेळ वाचतेय. सगळे "माणूस", "गृहस्थ", "काका". आता एक ताई बोलते.

मी माझी स्वतःची गाडी चालवते, ३५० सीसीची, आठ वर्षं. पहिल्या क्लबात हेल्मेट काढल्यावर पहिला प्रश्न आला, "कुणाबरोबर आलात?" मी म्हटलं, गाडीबरोबर. ते हसले, मग कौतुक सुरू झालं. ते जास्त त्रासदायक. प्रत्येक थांब्यावर कुणीतरी येऊन माझी गाडी स्टँडवर लावायला मदत करणार, फोटोत मला मधे उभं करणार, आणि क्लच प्लेटांबद्दल विचारलं की उत्तर माझ्या शेजारच्या पुरुषाला देणार. दोन राईडनंतर नमस्कार केला.

दुसऱ्या क्लबात चार वर्षं झाली. तिथे पहिल्या दिवशी शेपटाच्या माणसाने विचारलं, "टाकी एका दमात किती जाते? टायरमध्ये हवा किती?" बस्स. मला कळलं, इथे राहायचं. मागच्या वर्षीपासून शेपटाला मी असते.

अमेरिकेत मोटर मेड्स ही बायकांची संघटना १९४० पासून आहे. नियम एकच आठवतो, तो मला फार आवडतो: गाडी स्वतःची किंवा घरातल्या कुणाची हवी आणि ती स्वतः चालवायची. मागे बसून सभासद होता येत नाही.

जॅकेटबद्दल: लाज वाटत असेल तर घालू नका. पण कोपर, खांदा आणि पाठीला पॅड असलेलं कुठलं तरी जॅकेट घाला. खडखडाट यांचं कोपर पाठीवरच्या चिन्हाने वाचलं नसतं.

फुकटफौजदार | मंगळवार, दुपारी ३:३१

ताई, पाठीवर मोठं चिन्ह लावलं की लोक गुंड समजतात, ते कुठून आलं?

जुनं_ते_लोखंड | मंगळवार, सायंकाळी ६:५०

ते मी सांगतो, आवडीचा विषय. १९४७ च्या जुलैत कॅलिफोर्नियातल्या हॉलिस्टर नावाच्या छोट्या गावात मोटरसायकल शर्यतींचा मेळा होता. गावाच्या मानाने फार लोक आले, दारू, भांडणं, रस्त्यात गाड्या पळवणं झालं. लाईफ मासिकाने एक फोटो छापला, रिकाम्या बाटल्यांच्या ढिगात गाडीवर बसलेला माणूस. तो फोटो मुद्दाम जुळवलेला होता असं बरेच जण मानतात. मग एक वाक्य पसरलं की अमेरिकन मोटरसायकलिस्ट असोसिएशन म्हणते ९९ टक्के मोटरसायकलवाले सज्जन आहेत. उरलेल्या एक टक्क्याने, म्हणजे गुंड टोळ्यांनी, ते बिरुद म्हणून जॅकेटवर शिवलं. गंमत म्हणजे असं काही आपण म्हटल्याची नोंद आपल्याकडे नाही, असं असोसिएशनचंच म्हणणं.

ते वेगळं जग. तिथलं तीन तुकड्यांचं चिन्ह (नाव, चित्र आणि ठिकाण वेगवेगळं शिवलेलं) म्हणजे फार मोठा मानापमानाचा मामला, आणि शहाणे मालक-क्लब आपलं चिन्ह मुद्दाम एकाच तुकड्याचं ठेवतात. त्याच्या उलट उदाहरण लंडनचं. तिथला फिफ्टी-नाइन क्लब एका चर्चने तरुणांसाठी काढला आणि १९६२ मध्ये एका पाद्र्याने त्यात कॅफेंवर हिंडणाऱ्या मोटरसायकलवाल्या पोरांना बोलावलं. तो स्वतः गाडी चालवायचा, म्हणून पोरं आली.

चाकोरीबाहेर | मंगळवार, रात्री ११:५५

सडाफटिंग, तुमच्यासारख्यांची बाजू घेणारं कुणी नाही म्हणून लिहितो. मीही माणूसघाणा.

एकट्यांचेही क्लब असतात. आयर्न बट असोसिएशन घ्या. तिथे सभासद व्हायला कुणाबरोबर कुठे जावं लागत नाही. सुरुवातीची अट २४ तासांत १००० मैल, म्हणजे सुमारे १६०९ किलोमीटर. वाटेतल्या पेट्रोलच्या पावत्या, वेळ आणि ठिकाण छापलेल्या, पुरावा म्हणून जोडायच्या. (तुमच्या गाडीवर हे करू नका. दर चाळीस मिनिटांनी पंधरा मिनिटं थांबलात तर पावत्यांवर गारव्याची वेळ लिहावी लागेल.)

पण मला सगळ्यात पटलेली कल्पना अमेरिकेतल्या बीएमडब्ल्यू मालकांच्या संघटनेची. ती १९७२ ची. ते एक छोटी पुस्तिका काढतात, तिला अनॉनिमस बुक म्हणतात. तीत सभासदांची नावं नसतात. गाव, फोन नंबर आणि हा माणूस काय देऊ शकतो एवढंच: अवजारं आहेत, गाडी ठेवायला जागा आहे, तंबू टाकायला अंगण आहे. अडलात की फोन करा. तुम्ही कोण, तो कोण, काही माहीत नाही, फक्त दोघांची गाडी एका कुळीची. वर्षभर कुणाच्या राईडला न जाणारा माणूससुद्धा त्या पुस्तिकेत असतो.

मी माझ्या क्लबात तसाच आहे. तीन वर्षांत दोनच राईड केल्या. पण माझ्या घरी पुढच्या चाकाचा मोठा पाना आणि चेन तोडायचं हत्यार आहे हे सगळ्यांना माहीत आहे. वर्षातून चार-पाच फोन येतात. रात्री साडेबाराला एक आला होता. आला, चेन जोडली, गेला. दोघं मिळून दहा वाक्यं बोललो असू. माझ्यासारख्याला एवढी संगत पुरते.

शेपटाकडचा | बुधवार, सकाळी ६:१०

आमच्याकडेही असे तीन आहेत. वर्गणी वेळेवर भरतात, दिसत नाहीत. त्यांना आम्ही गोदाम म्हणतो.

सडाफटिंग | पुढच्या महिन्यातला सोमवार, रात्री ९:३०

मंडळी, महिनाभर गायब होतो, माफ करा. एवढ्या उत्तरांना एकेक उत्तर देणं होणार नाही, काय झालं ते सांगतो.

पाना, तुमचं ऐकून गाडी बंद पडताक्षणी झाकण उघडलं. सूं! एका किकमध्ये चालू. झाकणाच्या आतली जाळी काढली तर भोकात मागच्या मालकाच्या पॉलिशचं पांढरं मेण. बारीक तारेने साफ केलं. दोन मेकॅनिक, एक प्लग आणि एक कार्ब्युरेटर वाया. त्यानंतर दोन तास सलग चालवली, रस्ता संपेना असं प्रथमच झालं.

मग काल पाहुणा म्हणून राईडला गेलो. चौदा गाड्या, सात-सातचे दोन गट. निघण्यापूर्वी शेपटाकडच्यांनी शिकवलेला प्रश्न विचारला, "बंद पडलो तर?" बारा माना एकाच दिशेला वळल्या. दुसऱ्या गटाच्या शेवटी तेच साठीचे काका उभे होते. मला लीडरच्या मागे दुसरं ठेवलं. पहिल्याच फाट्यावर थांबून दिशा दाखवायचं काम माझ्याकडे आलं. एकटा उभा, समोरून एकेक गाडी येतेय, हात दाखवतोय, प्रत्येकजण जाताना मान हलवतोय. खरं सांगतो, माणूसघाण्याला सोयीचं काम. कुणाशी बोलावं लागत नाही, आणि सगळे तुमच्यावर अवलंबून.

कंटाळाही आला. दोन थांब्यांची गरज नव्हती. एका थांब्यावर ऑईलवरून पाऊण तास गेला (भुंगा, तुमची आठवण काढली). फोटोंचं तर विचारू नका.

परतताना माझी क्लच वायर तुटली. लिव्हरकडचा मणीच निघून आला. मी बाजूला घेतली आणि अर्ध्या मिनिटात काका मागे थांबले. उतरले, त्यांच्या गाडीचं हँडल दाखवलं. त्यांच्या क्लच वायरला समांतर दुसरी नवी वायर, टेपने जागोजागी बांधलेली, इंजिनपर्यंत आधीच ओवून ठेवलेली. "तुटली की फक्त दोन टोकं बदलायची," म्हणाले. ती त्यांनी सोडवून माझ्या गाडीला घातली. वीस मिनिटं. या वेळात ते तीन वाक्यं बोलले. त्यातलं एक "दिवा धर" होतं.

वायरचे पैसे विचारले तर म्हणाले, नवी आण आणि तुझ्या गाडीला तशीच बांध, पुढच्या वेळी दुसऱ्याला लागेल.

वर्गणी अजून भरलेली नाही. अर्ज घरी आणलाय. जॅकेटच्या मापाच्या रकान्यात काय लिहावं यावर अडलोय.

मागची_सीट_नको | सोमवार, रात्री ९:५०

"नको" लिहा. आमच्याकडे दोघांनी लिहिलंय.

फुकटफौजदार | सोमवार, रात्री ९:५८

वर्गणी किती आहे हो? सहज विचारतोय. शेजाऱ्याला हवंय.

खडखडाट | सोमवार, रात्री १०:२०

सात-सातचे गट, नवखा पुढे. बरं वाटलं वाचून. पाहुणा म्हणून आणखी कुणी चालतं का, विचाराल? माझा फुटरेस्ट सरळ केलाय.

सडाफटिंग | सोमवार, रात्री १०:३५

खडखडाट, विचारतो. लीडरचा नंबर आहे माझ्याकडे.

पाना, एक राहिलंच. निघताना काकांनी पुन्हा माझी चेन बोटाने उचलली आणि म्हणाले, "अजून सैल." किती हवी?

दहाबाराचा_पाना | सोमवार, रात्री १०:४८

बहुतेक रस्त्याच्या गाड्यांना खालच्या बाजूला दोन्ही चक्रांच्या मधोमध २५ ते ३५ मिलिमीटर खेळ. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. चाक फिरवत जिथे चेन सगळ्यात ताठ होते तिथे मोजा, सैल जागी मोजून ताणलीत तर बेअरिंग खाईल. दोन्ही बाजूंच्या ॲडजस्टरच्या खुणा सारख्या ठेवा, ॲक्सलचा नट घट्ट केल्यावर पुन्हा एकदा मोजा, कारण आवळताना चाक हलतं. आणि मागच्या ब्रेकचा खेळही बघा, चाक मागे सरकलं की तोही बदलतो.